आबा, देवी आणि माझी साक्ष

माझं माहेर डिचोलीत, पाळीच्या बाजूला. तिथे खाण सुरू झाली तेव्हा मी लहान होते. दोरीवर पांढरं लुगडं वाळत घातलं की संध्याकाळी ते तांबडं होऊन घरात यायचं, म्हणून आमची आई पांढरं लुगडं घ्यायचीच नाही. शाळा चार यत्ता झाली, मराठी. पाचवीला साखळीला जावं लागत होतं. वडील म्हणाले, साखळीला जाऊन शिकून काय करणार, भाकरी साखळीचीही गोलच असते. झालं, शाळा संपली. मला वाईट वाटलं की नाही ते आता आठवत नाही, तुम्ही उगीच विचारू नका.

गोवा मोकळा झाला आणि तीनेक वर्षांनी माझं लग्न झालं, पेडण्याला. पेडणं म्हणजे आमच्यासाठी परदेशच, मधे एक नदी का दोन. सासरी आले ती होडीतूनच आले, आणि होडी वल्हवत होते ते माझे सासरे. हो, खरंच सांगते. वऱ्हाड होडीत बसलं, सासरे कोट घालून होते, त्यांनी कोट काढून घडी करून माझ्या मांडीवर ठेवला, धोतर खोचलं आणि वल्हं हातात घेतलं. म्हणाले, दुसऱ्याच्या हातात माझी सून देणार नाही, तो काल प्यायलेला आहे. मग त्यांनी माणसं मोजली. उम, दोईश, त्रेश, क्वात्रु, असं फिरंग्यांच्या भाषेत. मी घाबरले, म्हटलं हे पाव खाणारे किरिस्ताव लोक आहेत की काय, कुठे दिलं मला. मग कळलं की ते तारी, म्हणजे नदीवर माणसं पलीकडे नेणारे, आणि फिरंग्यांचा शिपाई धक्क्यावर उभा राहून माणसं मोजून घ्यायचा, त्याच्याकडून ते तेवढंच शिकले होते. शंभरापर्यंत मोजायचे. बाकी त्या भाषेत त्यांना फक्त एक शिवी येत होती, ती काही मी सांगणार नाही.

सगळे त्यांना आबा म्हणायचे. पुढे सरकारची इंजिनाची फेरीबोट आली आणि आबांना तिच्यावर खलाशी म्हणून घेतलं. होडी गेली पण मोजायची सवय गेली नाही. घरात जेवायला बसलो की मोजायचे. बाजारातून परत आलो की मोजायचे. आणि चवथीला, म्हणजे गणपतीला, आरतीच्या आधी तर मोजायचेच. छत्रीचं टोक एकेकाच्या छातीला लावत, उम, दोईश, त्रेश. आकडा भरला नाही की आरती नाही. एकदा माझा धाकटा मुलगा संडासात होता म्हणून भटजी, गणपती आणि बेचाळीस माणसं उभी राहिली होती. बाहेरून सगळे ओरडत होते, अरे ये रे, आणि तो आतून ओरडत होता, येत नाही तर काय करू.

आता चवथीचं तुम्हाला सांगायला पाहिजे, कारण सगळं महाभारत तिथेच झालं. आमच्याकडे गणपती म्हणजे घराचा. भाऊ कुठेही राहोत, मुंबईला असोत, वाळपईला असोत, चवथीला मूळ घरी यायचं. एक घराणं, एक गणपती. कोणी आपल्या घरी वेगळा गणपती आणला तर त्याचा अर्थ तो वेगळा झाला. शेत वाटलं तरी चालेल, विहीर वाटली तरी चालेल, पण गणपती वाटला तर लोक म्हणतात, फुटलं हो ते घर. आणि आबांना दुसरी कसलीच हौस नव्हती. दारू नाही, नाटक नाही, पत्ते नाहीत. त्यांची हौस एकच, चवथीला सगळी माणसं एका छपराखाली पाहिजेत. आठ दिवस आधीपासून रानात फिरून गणपतीच्या वर बांधायची रानफळांची माटोळी गोळा करायचे, आंबाडे, तोरिंग, कवंडळ, सुपारीचा घड, आणि ते सगळं वर बांधताना मला खालून विचारत, नव्हे, वरून विचारत, सरळ आहे का गे सुने? मी म्हणायची, वाकडं आहे. बाकी सगळ्या सुना म्हणायच्या, छान आहे आबा. ते मग माझ्यावर रागावून उतरायचे, लांबून बघायचे आणि परत चढून सरळ करायचे.

माझं तोंड तसंच आहे. मी खोटं बोलत नाही. ते काही पुण्य म्हणून नाही, खोटं बोललं की ते लक्षात ठेवावं लागतं, आणि माझ्या डोक्यात आधीच बेचाळीस माणसांचे नारळ असायचे.

कारण ती हौस आबांची आणि राबणं माझं. मी थोरली सून. पाच दिवस बेचाळीस माणसं. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, चारशे. खतखतं, म्हणजे मिसळीची भाजी, इतकं की ते ढवळायला आबांचं जुनं वल्हं घेतलं असतं तर बरं झालं असतं. धाकटी जाऊ प्रमिला साखळीहून यायची, ती चवथीच्या सकाळी अकराला, डोक्यात गजरा, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणायची, वयनी, काय मदत करू? अकराला! मी म्हणायची, गजरा सांभाळ, तेवढी मदत पुष्कळ.

प्रमिलाचा नवरा म्हणजे माझा दीर सदू. तो खाणीच्या ऑफिसात कारकून होता, मग साखळीला घर बांधलं, वर गच्ची, खाली जीप. आमचे हे पंचायतीत सेक्रेटरी. दोघा भावांचं कधी पटलं नाही. मराठी की कोकणी म्हणून गोव्यात तेव्हा रान पेटलं होतं ना, तेव्हा आमचे हे मराठीवाले आणि सदू कोकणीवाला. आमच्या ओसरीवर दोघे इतके भांडले की शेजारची कोंबडी आमच्याकडे अंडं घालायची ती बंद झाली. आणि गंमत काय सांगू तुम्हाला, भांडण मराठीसाठी असो की कोकणीसाठी, दोघे भांडत होते ते कोकणीतूनच. आबांनी शेवटी निकाल दिला. आरती मराठीत आहे, ती मराठीत म्हणा. जेवण कोकणीत आहे, ते कोकणीत जेवा. आणि भांडायचं असेल तर धक्क्यावर जाऊन भांडा, तिथे इंजिनाच्या आवाजात कोणाला काही ऐकू येत नाही. पुढे गोवा राज्य झालं, रेडिओवर सांगितलं, आमचे हे पेढे घेऊन आले. आबांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, म्हणजे आता फेरीबोट वेळेवर सुटणार का?

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी असेल, श्रावण महिना, सदू एकटाच आला. ओसरीवर बसला, चहा घेतला, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. मग म्हणाला, आबा, यंदा गणपती साखळीला आणीन म्हणतो. मुलं मोठी झाली, प्रमिलाची कंबर दुखते, प्रवास झेपत नाही.

मी आत नारळ खवत होते. माझा हात थांबला. म्हटलं, कंबर? अकरा वाजता येणाऱ्या बाईची कंबर? पण दुसऱ्याच क्षणाला मी मनात मोजायला लागले. सदूची चार, प्रमिलाच्या माहेरची म्हातारी माणसं दोन, तिचा भाऊ, त्याची बायको, पोर. नऊ माणसं. नऊ माणसं कमी झाली तर नेवऱ्या शंभरेक कमी. बाय, त्या क्षणी माझ्या गुडघ्यांना काय वाटलं ते तुम्हाला शब्दात नाही सांगता येणार. पंचवीस वर्षं होत आली होती चुलीपुढे. मी देवाला कधी काही मागितलं नाही, पण त्या दिवशी म्हटलं, जाऊ दे रे बाबा त्याला, जाऊ दे.

आबांनी कोपऱ्यातली छत्री घेतली. बराच वेळ ती उघडली, मिटली, उघडली. मग म्हणाले, मी हो म्हणणार नाही. नाहीही म्हणणार नाही, नाहीतर उद्या म्हणशील म्हाताऱ्याने अडवलं. देवीला विचारू.

देवीला विचारायचं म्हणजे आमच्याकडे कौल घ्यायचा. भटजी देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या ओल्या करून लावतात, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी आधी पडली तर देवीचं हो, डावी पडली तर नाही. त्यावर बोलणं नाही, अपील नाही. सोमवारी सकाळी आम्ही गेलो. आबा, आमचे हे, सदू, प्रमिला आणि मी. मला कशाला नेलं, तर नारळ धरायला. भटजींनी पाकळ्या लावल्या, मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, की माये, ह्या लेकराला वेगळा गणपती करायची मोकळीक असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. आणि बसलो.

नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. पाकळ्या हलेनात. श्रावणातली दमट हवा, चिकटून बसल्या होत्या पोस्टाच्या तिकिटासारख्या. भटजी म्हणाले, देवी विचार करते आहे. प्रमिला म्हणाली, भटजी, जरा पंखा लावला तर? आबा असे वळले तिच्याकडे की तिचा गजरा कोमेजला असेल. म्हणाले, देवीला काय इलेक्ट्रिकने बोलायला लावतेस? बारा वाजले. भटजींना दुसरीकडे नैवेद्य होता, ते म्हणाले, मी आलोच, तुम्ही नजर ठेवा. सदू म्हणाला, मी जरा चहा घेऊन येतो, प्रमिला त्याच्या मागे गेली. आमचे हे खांबाला टेकून झोपले, आणि ते झोपले की देवीने स्वतः उतरून हलवलं तरी उठायचे नाहीत. राहिलो आबा आणि मी.

आबा तेव्हा ऐंशीचे. सकाळी तांब्याभर पाणी पिऊन निघालेले. थोडा वेळ त्यांनी मांडी बदलली, थोडा वेळ परत बदलली. मग उठले. म्हणाले, सुने, मी जरा मागे जाऊन येतो. डोळा हलवू नको. मी म्हटलं, जा हो, म्हातारपणी देवळात अपघात नको. ते छत्री घेऊन गेले.

ते देवळाच्या मागे वळले आणि पाकळी पडली.

डावी.

मी बघत राहिले. म्हटलं चुकीचं दिसलं असेल, चष्मा पुसला, परत पाहिलं. उजवी जागच्या जागी, डावी खाली तांब्याच्या ताटात. देवी म्हणत होती, नाही. एकच गणपती, एकच घर, बेचाळीस माणसं, चारशे नेवऱ्या, मी मरेपर्यंत. आमचे हे घोरत होते.

आता मी काय केलं ते ऐका, आणि ऐकून तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा. मी उठले, ताटातली पाकळी उचलून ओटीत खोचली, आणि उजवी होती तिला बोटाने नुसता धक्का दिला. नुसता. ती पडली. जागेवर येऊन बसले आणि नारळ मांडीवर घेतला. छाती अशी धडधडत होती की नारळातलं पाणी ऐकू येत होतं.

आबा आले. बघितलं. ताटात उजवी. आणि डावीची जागा रिकामी! तेव्हा माझ्या लक्षात आलं की डावी मी परत लावायला पाहिजे होती. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं.

आबा म्हणाले, डावी कुठे? मी म्हटलं, ती नंतर पडली, कुठेतरी उडाली. आधी उजवी पडली, आबा. उजवीच पडली. तुम्ही बसा ना, दमला असाल. पाणी देऊ का?

तेवढ्यात भटजी आले, सदू आला, प्रमिला आली. सगळे विचारू लागले, काय पडलं, काय पडलं. सदू म्हणाला, वयनीने पाहिलं ना, मग झालं. भटजीही म्हणाले, ह्या बाईचं तोंड म्हणजे तराजू. आमचे हे उठले आणि म्हणाले, मीही पाहिलं, उजवी. झोपलेला माणूस! असं ठरलं. आबांनी देवीला नमस्कार केला आणि छत्री उचलून चालू लागले. त्यानंतर देवळावरून जाताना ऊन असो नसो छत्री उघडायचे आणि देवीच्या बाजूला आडवी धरायचे. गावात म्हणायला लागले, म्हाताऱ्याने देवीशी अबोला धरला. मला वाटायचं, अबोला माझ्याशी धरला पाहिजे, देवी बिचारी.

चवथ आली. आमच्या गणपतीची पूजा झाली, आबांनी मोजलं, तेहतीस. परत मोजलं, तेहतीस. भटजींना अजून अकरा घरं होती, ते स्कूटरची किल्ली बोटात फिरवत उभे. मी म्हटलं, आबा, आकडा आता हाच. घ्या आरती. आबांनी आरती घेतली, पण आवाज असा की शेजारच्यांना वाटलं कोणीतरी वारलं.

दुपारी सदूने जीप पाठवली. नव्या गणपतीला मूळ घरचा मोठा माणूस येऊन पायाशी नारळ ठेवत नाही तोवर ते घर अपुरं. आबा म्हणाले, मी जाणार नाही. म्हणाले आणि धोतर बदललं. मी त्या जीपमध्ये पाय ठेवणार नाही. म्हणाले आणि कोट घातला. मग पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि जनेलाची काच खाली होत नाही म्हणून ड्रायव्हरला रागावले. मला म्हणाले, तू बस मागे. मी म्हटलं, माझ्या चुलीवर खतखतं आहे. म्हणाले, बस.

साखळीला पोचलो तर सदूची माटोळी बघण्यासारखी होती. बाजारातली सफरचंदं, चार मोसंबी आणि मधे एक प्लास्टिकचा द्राक्षाचा घड. आबा तीन मिनिटं नुसते वर बघत राहिले. मग त्यांनी कोटाच्या खिशातून आंबाडे काढले, दुसऱ्या खिशातून कवंडळ. पिशवीत सुपारीचा घड होताच. जाणार नाही, जाणार नाही म्हणत म्हाताऱ्याने सगळं भरून आणलं होतं. सदूला स्टूल आणायला सांगितलं आणि ऐंशी वर्षांचा माणूस स्टुलावर चढला. सदू खालून पाय धरून रडत होता, प्रमिला स्टूल धरून रडत होती, मी म्हटलं, रडा पण हलू नका, पडतील ते.

आरतीच्या आधी त्यांनी नऊ माणसं मोजली, मग मला, मग छत्री स्वतःच्या छातीला लावली. ओंझ. अकरा. नारळ ठेवला.

जेवायला बसलो तेव्हा मी त्यांच्या बाजूला वाढत होते. प्रमिलाच्या नेवऱ्या तळताना फुटल्या होत्या, सारण तेलात, कवच ताटात. आबांनी एक खाल्ली. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, डावी होती ना गे?

मी डाव पातेल्यात ठेवला. म्हटलं, हो.

म्हणाले, वाटलंच.

मी विचारलं, कशावरून? म्हणाले, पंचवीस वर्षांत तू पहिल्यांदा माझ्याशी गोड बोललीस. बसा ना, दमला असाल, पाणी देऊ का. तेव्हाच मी म्हटलं, हिने काहीतरी केलं.

म्हटलं, मग बोलला का नाहीत तिथेच? म्हणाले, देवीचं काय जातं एकच ठेवा म्हणायला, ती बसून खाते. रांधणारी तू. मी तुला कधी विचारलं नाही, देवीला विचारत बसलो. तुझं खोटं चालू दिलं म्हणून तर तिला छत्री आडवी धरतो, कोणत्या तोंडाने बघू? आता गप्प बस आणि आणखी एक नेवरी वाढ, कवच वाढ, सारण बुडालंच आहे, ते गणपती बुडवायला जाऊ तेव्हा शोधू.

मला त्या क्षणी काय वाटलं विचारू नका. मी वाढलं.

पण खोटं बोलून मी काय मिळवलं ते ऐका. आबांनी तिथेच जाहीर केलं, पुढल्या वर्षापासून पहिल्या दिवशी साखळीची नऊ माणसं पेडण्याला जेवणार, आणि तिसऱ्या दिवशी पेडण्याची तेहतीस साखळीला जेवणार. आणि प्रमिलाला एकटीला जमत नाही म्हणून साखळीच्या स्वयंपाकाला कोण? मी! एक चूल कमी करायला गेले, दोन झाल्या. त्या वर्षी माझा दात पडला, तोही डावा. मी भटजींना नाव न घेता विचारलं की एखाद्याने कौलात लबाडी केली तर काय करावं. ते म्हणाले, एक नारळ. मी पाच दिले. म्हटलं, देवीचा हिशेब आपल्याला काय माहीत.

एक खरं, प्रमिला मात्र कामाला लागली. स्वतःच्या घरचा गणपती म्हटल्यावर पहाटे चारला उठायची. नेवऱ्या फुटायच्या थांबल्या. आणि सदू आणि आमचे हे, एका घरात होते तोवर भांडत होते, दोन घरं झाली तसे एकमेकांना पाहुणे झाले. पाहुण्याशी भांडता येत नाही. आबा दोन्हीकडे छत्री घेऊन फिरायचे, इथली माटोळी, तिथली माटोळी, मोटारीतून, पुढच्या सीटवर. त्र्याण्णव वर्षं जगले. गणपती बुडवून आल्यावर दोन दिवसांनी कदेलात, म्हणजे खुर्चीत, बसून पेज प्यायले, वाटी माझ्या हातात दिली, मीठ जास्त झालं म्हणाले, आणि गेले. मीठ जास्त नव्हतं. मी रडले नाही, मला वेळ नव्हता, तेरा दिवसांचा स्वयंपाक होता आणि माणसं साठ.

आता आमचे हेही नाहीत. मी ऐंशीच्या घरात आहे, चुलीपुढे सून असते, मी ह्याच कदेलात बसून चुका काढते. धाकटा मुलगा पर्वरीला फ्लॅटमध्ये असतो. मागच्या महिन्यात तो आला आणि चहा घेऊन पायाच्या अंगठ्याने लादी उकरायला लागला. लादी उकरत नाही, पण मला कळलं. आत सुनेने पातेलं ठेवलं ते जरा जोरात ठेवलं, तेही मला कळलं. थोरला म्हणाला, आई, रीतीने देवीला विचारू, सोमवारी जाऊ. मी म्हटलं, देवीला त्रास देऊ नका. आधी आत जाऊन जी रांधते तिला विचारा. ती जे म्हणेल तो कौल.

ती काय म्हणाली? अजून म्हणाली नाही. विचार करते आहे. हवा दमट आहे. चवथीला अजून महिना आहे, मला घाई नाही. पण मी थोरल्याला सांगून ठेवलं आहे, की माझ्या मागे तुम्हाला वाटलं तर खुशाल पाकळ्या लावा, देवी आहे, ती सांगेल. फक्त नजर ठेवायला कोणाला बसवता ते बघून बसवा, आणि जी बसेल तिला आधी चुलीपुढून उठवून जेवायला घाला.